दहा मायक्रोग्रॅम

३ फेब्रुवारी
पार्सल आलं. बर्फाच्या पाकिटांत बोटाच्या पेराएवढी नळी. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यातलं, उजेड टिपणारं ग्राहक प्रथिन — जिवाणूंत वाढवून, सुकवून पाठवलेलं. पत्रक इंग्रजी. दोन पानं वाचली, बाकी नेहमीचीच सूचनांची बडबड. बावीस वर्षं या प्रयोगशाळेचं भांडार सांभाळतोय, शिक्षण दहावी. डॉक्टरांना जे येत नाही ते मला येतं!
उघडली. रिकामी! काळ्या कागदावर उलटी करून ठोकली. कापसाची काडी आत फिरवली. कण नाही. कंपनीला कडक मेल केला. चोर लेकाचे!

४ फेब्रुवारी
समीक्षा आटपाडीहून परतली. तिची सारी पीएचडी या प्रथिनावर. रडकुंडीला आली. "आवं मामा, कशाला उघडली? दहा मायक्रोग्रॅम हाय, दिसत न्हाई ते!"
डोळ्यातलं प्रथिन, अन् डोळ्याला दिसत नाही म्हणे! हिच्या बापानं न दिसणारी मेंढरं राखली होती काय?

६ फेब्रुवारी
नळीत थेंबभर बफरचं द्रावण घालून तिनं तपासलं. शून्य. "बघ, रिकामीच होती," म्हटलं.

९ फेब्रुवारी
जयराज सर — तिचे गाइड, स्वतःला पिपेट धरता येत नाही — तिच्यावर भडकले. "तुझ्या हाती काही टिकत नाही. हे काम आता तुझी ज्युनियर स्वप्नाली करेल." पोरीनं मान खाली घातली. कंपनीवर बोट ठेवायचं सोडून! बुळी.

१३ फेब्रुवारी
कंपनीनं बदली नळी पाठवली. घाबरले! उजेडाला धरली — पुन्हा रिकामी! मोठ्यानं हसलो.
"मामा, हात लावू नका." समीक्षानं ती बंदच यंत्रात गरगर फिरवली, मग उघडली, बफर सोडला. म्हणाली, स्वप्नालीला तयार करून द्यायचंय. नाटकं!

१४ फेब्रुवारी
तपासणीच्या जेलवर निळी पट्टी — म्हणजे नळीत प्रथिन होतं. जाड, नेमक्या जागी. मोजपट्टी लावली. पुन्हा लावली.
पत्रकाचं तिसरं पान आज वाचलं. 'उघडण्यापूर्वी यंत्रात फिरवून भुकटी तळाशी बसवा. भुकटी दिसेलच असं नाही.'

१५ फेब्रुवारी
"सरांपुढं माझं नाव का नाही घेतलंस?"
"मार्चमधी तुमचं कंत्राट नवं व्हायचं हाय न्हवं, मामा." आणि बाटल्या धुवायला लागली.
डबा न उघडताच घरी नेला.

१६ फेब्रुवारी
सरांना सांगितलं — पहिली नळी मी उघडली, मी घालवली. सर हसले. "मामा, तिला पाठीशी घालू नका. तुमच्या हातून? शक्यच नाही!"
म्हटलं, कागद द्या. लिहून देतो.