हरण्यासाठी सायलेन्सर

१२ जाने. ४७, रवि.
आज तिसरा दिवस. हरण्या मागं सरत नाही. धावेच्या उतारावरून खाली जातो, मोट वर येते, पाणी पडतं. मग मागं विहिरीकडे सरायचं म्हटलं की पाय रोवून उभा. जोडीचा लाख्या एकटा काय करणार. रिकामी मोट वर तशीच लटकलेली. वांगी माना टाकायला लागली.
चूक माझी. शुक्रवारी सकाळी ते इंजिन फळीवर बसवून विहिरीच्या काठावर सुरू केलं. फौजेतल्या साहेबानं विलायतेला जाताना दिलेलं, खेळण्यातल्या विमानाचं, मुठीत मावेल एवढं. आवाज मात्र मोटारसायकलीचा. बैल तेव्हा मागं सरत होते. हरण्या बिचकला, एक पाय विहिरीत गेला. जू लाख्याच्या मानेवर होतं म्हणून वाचला.
बाबांना दाखवायचं होतं, घरजावई नुसता बसून खात नाही. पाच वर्षं फौजेच्या विमानखात्यात फिटर होतो, तिथं काय शिकलो ते. दाखवलं!

१४, मंगळ.
संक्रांत. तिळगूळ खाल्ला, गोड बोलायला कोणी नाही. बाबा रागवत नाहीत. रागावले असते तर बरं होतं. जेवताना हिला म्हणाले, म्हणजे मलाच, "होळीपावतर पाहू. नाई सरला तं बाजार दाखवू."
मोट न ओढणारा अकरा वर्षांचा बैल बाजारात कोण घेतो ते हिलाही माहीत, मलाही. गाय मेली तेव्हा बाबांनी बोट चोखवून वाढवलेलं वासरू आहे ते.

१६, गुरु.
एक सुचलं. विमानतळाच्या कुंपणाशी गुरं चरायची. डोक्यावरून विमान गेलं तरी मान वर करत नसत. सवय. तेव्हा हरण्यालाही हाच आवाज ऐकवायचा, पण आधी अगदी बारीक, मग रोज थोडा मोठा. त्यासाठी सायलेन्सर हवा. एवढ्या लहान इंजिनाला तो कोणी लावत नाही. मलाच करावा लागेल.
बाबांना सांगितलं. "ज्यानं भेवाडलं, त्याचाच आवाज आयकवतं त्याले?" एवढंच म्हणाले.

१९, रवि.
सा. १: तंबाखूची डबी, तळाला खिळ्यानं भोकं, कथलाचा डाग. दोन मिनिटांत डाग वितळून डबी मेथीच्या वाफ्यात. पाच वर्षं फिटर!
आवाज मोजायला यंत्र नाही. हरण्याचा कान आहे. ही त्याला बाभळीला बांधते, मी फळीवरचं चालू इंजिन हातात धरून लांबून चालत येतो. त्यानं कान टवकारला की थांबायचं, तिथून पावलं मोजायची. उघडं इंजिन: २०० पा.

२३, गुरु.
हिनं आपला कुंकवाचा पितळी करंडा पुढे केला. मी नको म्हटलं. "न्या हो. कुंकू मी पुडीत ठेवीन." सासूबाईंनी लेकीला दिलेला होता.
सा. २ त्याचाच. पितळेचा डाग दिला, आता वितळणार नाही. बाहेर पडायची भोकं अगदी बारीक ठेवली. आवाज कमी, पण इंजिन गुदमरतं. तापून लाल, मिनिटभरात बंद. ८० पा.

२८, मंगळ.
गावात मोटारी दुरुस्त करणाऱ्या ईसाकभाईंकडे गेलो. पेट्रोल त्यांच्याकडूनच चोरूनमारून मिळतं. करंडा उलटापालटा करून हसले. "धूर कोंडून राह्यले तुमी भाऊ. पोट मोठं करा, तोंड लहान करू नका. बीच में पडदा टाका." मग विचारलं, "बैलासाठी?" हो म्हटलं. हसायचे थांबले.

३१, शुक्र.
सा. ३. पोट मोठं, मध्ये पडदा, आवाज शोषायला आत नारळाची शेंडी कोंबली. शेंडीनं पेट घेतला. अक्कल गहाण टाकून आलोय फौजेत. भाजलेला अंगठा हिनं बांधला.
कांद्याला पाणी पोचलं नाही. बाबा आणि ही कळशीनं घालतात. मी इंजिनाजवळ. शेजारच्या मळ्यातली माणसं बघतात.

५ फेब्रु., बुध.
सा. ४. करंड्याला सायकलच्या पंपाची नळी जोडली, नळीला भोकं, पडदे दोन. इंजिन तापत नाही. आवाज शिवणयंत्राएवढा. ३० पा.!
वजन एवढं झालं की हे इंजिन आता कोणतंही विमान उचलणार नाही. पंख करून ठेवले होते, बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद. ते माळ्यावर टाकले. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.

९, रवि.
चार दिवस ३० पा. खाली येत नाही. सवय लागत नाही.

१३, गुरु.
सा. ५. आणखी एक पडदा, तोंडाला वाकडी नळी, धूर जमिनीकडे. शिवणयंत्र सोडा, जात्याएवढाही आवाज नाही. पंधरा पावलांवर माझं मलाच नीट ऐकू येत नाही. हरण्याचा कान मात्र तीसलाच. जनावराचा कान तिखट असतो म्हणावं, तर सा. ४ आणि ५ मध्ये इतका फरक असून आकडा तोच कसा?

१८, मंगळ.
पडदे बदलले. ३०. नळी लांब केली. ३०. पेट्रोलमध्ये जाड तेल वाढवलं, इंजिन रडत रडत चाललं. ३०.
वांग्याचे दोन वाफे गेले. बाबांनी उपटून बांधावर टाकले. मी हात लावायला गेलो तर "राहू दे" म्हणाले. मला या घरात येऊन वर्ष होत आलं आणि मी केलं काय? एक बैल आणि दोन वाफे. असं वाटतं की...

२२, शनि.
अंगठा चिघळला, इंजिन सुरू करायला त्याचा पंखा फिरवता येईना. ही म्हणाली, "मी फिरवतो, तुमी तारा जोडा." दुसऱ्या झटक्याला सुरू. फळी तीच घेऊन निघाली, मी विहिरीशी बसून बघत होतो. साठ. चाळीस. तीस. वीस. दहा. हरण्या कडबा खात होता. कान हललाच नाही. ही त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी, दुसऱ्या हातात चालू इंजिन!
"जमलं हो!" तिथनंच ओरडली. मी उठून धावत गेलो.
हरण्यानं कडबा सोडला, कान टवकारले, दावं ताणून मागं झाला.
इंजिन मध्येच पेट्रोल संपून बंद पडलं. तरी तो तसाच उभा.

२३, रवि.
खात्री करून घेतली. पेट्रोलचा वास जावा म्हणून हात राखेनं घासले, इंजिन घरात, रिकाम्या हातानं बाभळीकडे गेलो. पावलं मोजत. ३०.
दुसऱ्या बाजूनं गेलो. ३०.
महिनाभर काय मोजत होतो मी?

२५, मंगळ.
आता सगळं जुळतं. मोट चालू असताना मी मोटेच्या थारोळ्यापुढच्या पाटाशी पाणी वळवत असतो. विहिरीपासून दहा पावलं. मागं सरायचं म्हणजे माझ्याकडे यायचं.
बाबांना सांगितलं. ते दोर वळत होते. हात थांबले नाहीत.
"मले ठावं होतं."
"मंग सांगतलं काहून नाई?"
"कसं सांगू? तू माह्यं लेकरू हायस."
रडू आलं. त्यांच्यासमोर. लाज वाटली नाही.

२६, बुध.
सकाळी बाबाच म्हणाले, "होळी होयेपावतर रिठदले जाय बहिणीकडे. तू नसला तं सरते का, पाहू." बरोबर आहे. माझ्याही मनात तेच होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकवलं नाही.
हिला बरोबर नेता येत नाही, मोटेला माणूस कमी. गाडीत बसताना गोठ्याकडे पाहिलं नाही. मी दिसलो तर पुन्हा भ्यायचा.

२८, शुक्र. रिठद.
ताईनं विचारलं, "अचानक कसा आला?" अंगठ्याला आराम म्हटलं. दिवसभर बसून. मेहुण्यांचे बैल जवळ येऊन हात चाटतात.
तो सरला नाही तर बाजार. सरला तर मग मी? देवाजवळ काय मागावं ते ठरत नाही. मागायला बसलो की हरण्याचंच मागून होतं.

३ मार्च, सोम.
आमच्या वाशीमहून गाडी आली. गाडीवानानं अंगणातूनच हाक दिली. "तुमच्या बाबानं निरोप देल्ला. बैल सरला म्हणे. काल वीस मोटा ओढल्या. बाजार नाई दाखवत आता."
ताईनं त्याला गूळ दिला, पाणी दिलं. मीही हसलो. खरंच बरं वाटलं. वीस मोटा म्हणजे कांदा वाचला.
"आनखी काही म्हणाले? मले बोलावलं?" विचारलं.
"नाई. एवढंच."
गाडी उद्या सकाळी परत जाते. जागा आहे म्हणाला. येतो की नाही, मी अजून सांगितलं नाही.