वैर नसलेली दोन घरं

अलीकडचा काठ, ३ ऑगस्ट १९९८

ती. ओमेराताईस,
धाकट्या नोरहायाचा सादर सलाम वि. वि.

शाळेसाठी माझ्याकडे ठेवलेला तुझा आमेर खुशाल आहे. पोटभर जेवतो, फक्त माझ्या हातच्या पालाप्याला नाक मुरडतो, ती चटणी म्हणे आईच्याच हातची तिखट लागते. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचल्यावर हे तुझ्या डोक्यात शिरणार नाही.

मे महिन्यात मी इलिगानच्या शिबिराला निघाले तेव्हा तू चेष्टा केली होतीस, की पोरांना भांडू नका हे शिकवायला तीन दिवस कशाला, दोन धपाटे पुरतात. धपाटेच बरे होते गं. शिबिरात सांगितलं तसं मी चौथीच्या मुलांना म्हटलं, मनात सलणारं एक भांडण खरंखरं लिहा आणि शेजारच्याला वाचायला द्या. वाचणाऱ्याने चिडायचं नाही, नुसतं समजलं म्हणायचं. आपल्या गावात कुणाशेजारी कुणाला बसवायचं नाही, हे प्रत्येक मास्तरणीला तोंडपाठ असतं. मैसाराला मी आमेरशेजारी बसवलं ते तुमच्या आणि तिच्या घरात वैर नाही म्हणूनच.

आमेरने लिहिलं, की मैसाराच्या बापाला कारामने नाही, माझ्या बाबांनी मारलं. बांधावरून जुंपली आणि गोळी सुटली. तुम्ही दोघं बोलत होतात ते त्याने पडद्याआडून ऐकलं म्हणे. पोरीने वाचलं, कागदाची घडी घालून परत दिला आणि समजलं म्हणाली. शिकवल्याप्रमाणे.

तिच्या बापाच्या खुनाचा आळ घेऊन काराम तीन वर्षं उंबऱ्याबाहेर पडलेला नाही. त्याचा बाजारहाटही बायका करतात, कारण आपल्याकडे वैरात बाईवर कुणी बंदूक रोखत नाही. ताई, आमेरने ऐकलं ते चुकीचं ऐकलं, एवढंच मला कळव. होडीवाल्या बाईला मी थांबवून ठेवलं आहे.

तुझी,
नोरहाया


पलीकडचा काठ, ५ ऑगस्ट

चि. नोरहाया हिस,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहितेय, पण समोर असतीस तर कान पिळला असता. कागद आधी जाळ. मग त्या पोरीला जवळ घे, खाऊ दे, कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायला लाव. दहा वर्षांची आहे, विसरेल. आमेरला सांग, स्वप्न पडलं होतं म्हण.

तुझ्या दाजींना मी पत्र वाचून दाखवलं. असलं काही नाही म्हणाले. मग ताटावरून उठले आणि अजून काही खाल्लेलं नाही.

तुझं लग्न करून दिलं असतं आणि तुला शाळेत घातलं नसतं तर आज ही वेळ आली नसती, असं सासूबाई म्हणतात. मीही आज त्यांच्याच बाजूची आहे. माझा संसार तुझ्या ओंजळीत आहे, नोरा. सांडू नकोस.

तुझी ताई,
ओमेरा


अलीकडचा काठ, ८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. स. वि. वि.

कागद जाळला. पोरगी काही जाळता येत नाही.

शपथ घालायला म्हणून मी मैसाराला मागे थांबवलं. तीच आधी बोलली. म्हणाली, मोठ्यांकडे जाण्याआधी ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी बोलायचं असं तुम्ही शिकवलंत, म्हणून मी आमेरला विचारलं. त्याने खरं आहे म्हणून सांगितलं आणि रडला. आता पुढे काय करायचं, बाई? पुढची पायरी मीच शिकवली आहे, की विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. तिने मला सांगितलं. मी तिचा विश्वास आहे गं, आणि मी खिशात तिच्यासाठी खाऊ घेऊन उभी होते.

शपथ मला घालता आली नाही. तुला हवं तर मला बहीण म्हणू नकोस.

आणखी ऐक. शुक्रवारच्या गाडीने कारामचा थोरला मुलगा मनिलाहून येतोय. मैसाराचे काका रस्त्यावर दबा धरून बसणार आहेत. बापाबद्दल बाप मिळत नसेल तर मुलगा, घराण्याच्या मरातबाचा प्रश्न आहे, असं तिने जेवताना ऐकलं. त्या मुलाला वाचवायचं तर काकांना नाव सांगावं लागेल, आणि नाव सांगितलं तर आमेरचे बाबा जातील, हा हिशेब ती पोर एकटी करत बसली आहे. तिला ताप भरलाय.

दाजींनी स्वतः यावं. काकांकडे नाही, त्यांच्या आईकडे, बाई तरहाताकडे. मधे दाजी आणि भोवती आपण बायका, असं चालत गेलो तर दारापर्यंत कुणी गोळी झाडणार नाही. दाराच्या आतलं मला माहीत नाही. गुरुवारपर्यंत नाही आलात, तर मी एकटी जाऊन सांगेन. ही धमकीच समज.

तुझी,
नोरहाया


पलीकडचा काठ, १० ऑगस्ट

चि. नोरहाया,
अ. उ. आ.

तुझं पत्र फाडलं आणि मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. तू मला मारलंस. पण खोटं नाही बोलत तू.

यांचा तो रक्ताळलेला सदरा मीच धुतला होता. तीन वर्षं बाजारात कारामच्या बायकोला बघून मी दुसऱ्या बोळात वळते. ती मला नेहमी आमेरची खुशाली विचारते गं.

यांना मी काही बोलले नाही, नुसतं शुक्रवारचं सांगितलं. मग म्हणाले, त्याचा मुलगा आपल्या आमेरहून किती मोठा असेल? एवढंच. न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली.

गुरुवारी सकाळच्या होडीने येतो. पुढे मी, मागे सासूबाई, दोन्ही बाजूंना नणंदा. तू धक्क्यावर ये. आमेरला आणू नकोस. काही झालंच, तर त्याला बंदुकीला हात लावू देऊ नकोस. तुला ते शिकवता येतं ना, मग शिकव.

ओमेरा


पलीकडचा काठ, १६ ऑगस्ट

चि. नोरहाया,

हे जिवंत परत आले, म्हणून गाव मला नशीबवान म्हणतंय. कारामने काल तळ्यावर येऊन पाण्यात पाय सोडले म्हणे. चांगलं झालं. मी रडत नाहीये, मला रडू येत नाही.

बाई तरहाताने आपल्या दोघा मुलग्यांना बंदुका खाली करायला लावल्या तेव्हा मला वाटलं, सुटलो. मग ती म्हणाली, माझा मुलगा गेला, तुझा मला दे, तो या घरात वाढला तर माझे मुलगे त्याच्या बापावर गोळी झाडणार नाहीत. तू माझ्याकडे बघितलंस. सगळ्यांनीच बघितलं. मी हो म्हटलं ना? मला तर माझा आवाज आठवत नाही.

त्याला पालापा माझ्या हातचाच लागतो. डबा पाठवतेय. त्या घरी चालेल का ते बाईला विचारून दे.

ताई


अलीकडचा काठ, २८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. स. वि. वि.

डबा पोचला. बाई तरहाताने स्वतः वाढला. ती त्याला मारत नाही, रागवत नाही, आपल्या गेलेल्या मुलाचा मालोंग तिने त्याला पांघरायला दिलाय. मैसाराचा ताप उतरला. दोघं शाळेत बरोबर येतात, पण बोलत नाहीत. शिबिरवाल्यांचं पत्र आलंय. आपल्या गावात एक वैर मिटलं हे त्यांना कुठून तरी कळलं, म्हणून मी पुढच्या शिबिरात येऊन ते कसं जमलं ते सांगावं असं म्हणतात. उत्तर लिहिलेलं नाही.

तुझ्यापासून काही लपवणार नाही, आपण दोघींनी लपवालपवी पुरे केली. काल सगळी मुलं गेल्यावर आमेर बाकावर बसून राहिला. मी घरी जा म्हटलं तर त्याने विचारलं, कुठल्या घरी? मग म्हणाला, मावशी, मी खोटं लिहिलं असतं तर मी आता आईकडे असतो ना?

मी हो म्हणाले. तुझ्या मुलाशी मला खोटं बोलता आलं नाही.

मग त्याने दप्तर उचललं आणि गेला. आज वर्गात मी पाढे घेतले. नुसते पाढे.

माझ्यावर लोभ ठेव असं कुठल्या तोंडाने लिहू? त्याच्यावर ठेव. माझ्या वाटणीचाही.

नोरहाया