दुमानला रक्त हवंय

३ नोव्हेंबर, सोमवार

— आणि हा रेमझी कसाई मला नाही म्हणतो! गल्लीतला बोका काय त्याच्या बापाचा? दुकानापुढे लोळतो म्हणून त्याचा झाला? माशांची डोकी रोज मीही घालतेच की त्याला! माझ्या दुमान मांजरीच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात. डॉक्टरीण आयतेन म्हणाली, "ताई, रक्त द्यावं लागेल. तेही बी गटाचंच. दुसरं दिलं तर मांजर त्यानंच मरेल." बोक्याचा गट बी. मागे तिनंच तपासलेला. रेमझी म्हणाला, "नाही, कारण—" कारण ऐकायला वेळ कुणाला? दार आपटून आले.

४ नोव्हेंबर

बकऱ्याचं काळीज दाखवून बोका टोपलीत घातला, दवाखान्यात नेला. आयतेननं मान चाचपली — केस आधीच भादरलेले! "ताई, याचं रक्त नुकतंच काढलंय कुणीतरी. पुन्हा काढलं तर हाच जाईल."

चहावाली कादरिये! पुलापलीकडच्या दवाखान्यात नेलंन त्याला, स्वतःच्या मांजरीसाठी. तिच्याकडे तो सारमान, माझ्याकडे पाशा, रेमझीकडे आणखी कोण. जो खाऊ घालतो तो नाव ठेवतो, नि शेजारच्याला सांगत नाही. तो वेडा टोपलीत माझा अंगठा चाटत बसलेला. नेऊन सोडला.

रेमझी म्हणाला, "हेच सांगत होतो. तू बोलू देतेस का माणसाला?"

त्याची माफी मागितली. मी!

५ नोव्हेंबर

दुमान पाणीही पीत नाही. शेगडीजवळ ठेवली तरी पाय गार. आयतेन म्हणते, उद्याच्या पुढे तग धरणार नाही. कादरिये सूप घेऊन आली, रडायला लागली. म्हटलं, रडतेस काय, मांजर शोध!

संध्याकाळी रेमझी दारात. कोटात काहीतरी गुंडाळलेलं, हातभर ओरखडे. त्याच्या वारलेल्या बायकोची, मेलिहाची मांजर! बायको गेल्यापासून त्यानं तिला उंबऱ्याबाहेर काढलं नव्हतं. कुणाला दाखवायचासुद्धा नाही.

"आयतेनकडून तपासून आणलीय. बी आहे. सकाळी लवकर दवाखान्यात ये. माझं मन फिरायच्या आत."

६ नोव्हेंबर

रक्त चढलं. थेंब थेंब. रेमझी दोघी मांजरींच्या मध्ये उभा, टोपी हातात, अल्लाचं नाव घेत. दुपारी दुमाननं दही चाटलं! माझ्या बोटावरचं!

"कसायाला रडू येतं होय?" मी म्हटलं.

"शेजारी कुणीतरी कांदा चिरतंय."

त्याची मांजर अजून गुंगीत. पहाटे त्याला मटण आणायला जायचं, तिच्याजवळ कोण बसणार? म्हणून माझ्याकडेच ठेवून घेतली.

९ नोव्हेंबर, रविवार

मेलिहाची मांजर पलंगाखालून निघत नाही. टोपली दिसली की फिस्कारते. रेमझी रोज न्यायला येतो, रोज जेवून जातो. घर खायला उठतं म्हणे. एकटीचं माझंही उठतंच की!

आज तोंडावर सांगितलं — तिला ओढून काढ नि घेऊन जा. नाहीतर माझ्याशी निकाह लाव आणि तूही इथेच राहा. शुक्रवारच्या नमाजाआधी काय ते सांग!