येतेच आहे

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! नोकरी मिळाली, खोली मिळाली, आणि दोन्ही एकाच इमारतीत. चौथ्या मजल्यावर इंग्रजीचा वर्ग, त्याला लागून माझी खोली. एक खाट, एक खिडकी आणि कडी तुटलेली बादली. वर्ग चालवणाऱ्या थोरल्या बाई फार गोड बोलतात. त्यांची एकच अट: फळ्यावर लिहिलेलं पुसायचं नाही, बघून बघून पाठ होतं म्हणे. आधीच्या सरांचं वाक्य अजून कोपऱ्यात आहे, ‘आय अ‍ॅम गोइंग होम.’ अक्षर मोत्यासारखं. दुपारभर जिन्यावरून कुणीतरी उतरत होतं, खाली काही पोचेना. असेल कुणी निवांत माणूस.

छकुलीला फोन केला. माझी लेक शनिवारी सहा वर्षांची होणार. तिच्या आजीला, माझ्या आईला, बजावून सांगितलंय, मी आल्याशिवाय केक कापायचा नाही.

मंगळवार, ४

पहिला तास झोकात झाला. अपूर्ण वर्तमानकाळ. अ‍ॅम, इज, आर लावा, क्रियापदाला आयएनजीचं शेपूट जोडा, झालं काम. टपालवाले काका, वर्गातले सर्वांत थोरले, छातीठोकपणे म्हणाले, ‘आय अ‍ॅम नोइंग यू.’ मी म्हटलं, काका, ओळखीला शेपूट नसतं. दाराशी झाडणाऱ्या मावशी दिसल्या म्हणून फळ्यावर उदाहरण लिहिलं, ‘मावशी इज स्वीपिंग द स्टेअर्स.’ मावशी काय लाजल्या!

भूतकाळ कधी शिकवायचा, असं विचारलं तर थोरल्या बाई म्हणाल्या, तिथवर अजून कुणी पोचलंच नाही. मला हसू आलं.

बुधवार, ५

ठरलेल्या बेतालाही हाच काळ चालतो, हे आज शिकवलं. उदाहरण माझंच, ‘आय अ‍ॅम गोइंग होम ऑन सॅटरडे.’ लिहिलं आणि जीभ चावली. ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे आईने कानीकपाळी ओरडून शिकवलंय. ‘गोइंग’ खोडून वर ‘कमिंग’ केलं. काकांनी टाळ्या वाजवल्या.

मावशी अजून झाडताहेत. कालच्याच पायऱ्या. घरी गेला नाहीत का, असं विचारलं तर मान वर न करता म्हणाल्या, झाडतेय ना, बाई.

गुरुवार, ६

मावशींच्या तळहातांची सालं निघालीत. मी झाडू हिसकावून घेतला, तर रिकामे हात झाडत राहिले. वर धावले, फळ्यावरचं मावशींचं वाक्य पुसू लागले, ओल्या फडक्याने, मग नखांनी. एक अक्षर हललं नाही. ‘स्वेप्ट’ लिहायला गेले. खडू मोडला. तीनदा.

थोरल्या बाई शांतपणे म्हणाल्या, अपूर्ण आहे ते पूर्ण कसं होईल? आधीच्या सरांचंही तेच चाललंय, ऐकू येत नाही का?

येतं. पावलं. आठ महिने झाले म्हणे.

आणि माझं वाक्यही फळ्यावर आहे.

शुक्रवार, ७

पिशवी भरली. आजच निघायचं, शनिवारची वाट बघायची नाही. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडेना. पाय दगडाचे. वाक्यात शनिवार आहे, आज कशी निघणार मी?

आईला फोन केला. सगळं सांगायचं होतं. तोंडातून एकच शब्द निघाला — येते.

मला घरी जायचंय. खूप भीती वाटते.

शनिवार

पाय आपोआप उठले. जिना उतरतेय. चारच मजले — मोजणं सोडलं. मावशींना ओलांडतेय. पुन्हा मावशी. पुन्हा —

खाली सरांची पाठ दिसतेय. हाक मारतेय. ते उतरताहेत.

फोन वाजतोय. छकुली विचारतेय, कुठे आहेस. येतेय, मी सांगतेय, येतेच आहे. खोटं नाही गं, हेच तर —

शनिवार

अजून शनिवारच. फोन वाजतोय. आई सांगतेय, पोर केकसमोर बसलीय, मेणबत्त्या वितळताहेत. आई, तिला म्हणावं, विझव. थांबू नकोस. सांगायचं आहे, पण तोंडातून — येतेय —

शनिवार

एकच शब्द लिहायचाय. पहिल्या पानावरचा पहिलाच आहे, याच वहीत, माझ्याच हातचा. बघून बघून गिरवतेय.

घरी आ —

घरी ये —

येतेय —

येते