शहरबानूंच्या हयातीपुरता नाशिकचा फ्लॅट

लिहून ठेवणार: श्रीमती प्रभावती सदानंद टिपणीस, वय वर्षे ५६, धंदा नोकरी, हल्ली राहणार देरा, दुबई.

माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाच्या तीन नळ्या चोंदल्या आहेत आणि परवा शनिवारी बायपास आहे, पण त्याचा लिहिण्याशी संबंध नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट पोटच्या मुलाने विरोध केला, तरी लिहिते आहे. दहा वर्षे लोकांच्या विम्याचे कागद केले आणि स्वतःच्या एका कागदासाठी डॉक्टरांना दटावावे लागले, याची लाज वाटते.

१. नाशिकला गंगापूर रोडवर माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. तो माझ्या पगारातून घेतलेला आहे, सासरचा त्यात छदामही नाही. माझ्या पश्चात तिथे माझ्या ऑफिसातल्या वरिष्ठ शहरबानू लोखंडवाला यांनी हयातभर राहावे. त्यांच्याकडून भाडे घेऊ नये. त्यांच्यानंतर फ्लॅट माझी मुलगी शुभ्रा आणि मुलगा तन्मय यांचा, निम्मा निम्मा.

शहरबानू नोव्हेंबरअखेर निवृत्त होतात. नोकरी संपली की व्हिसा खलास. त्यांनी लग्न केले नाही आणि मुंबईचे घर भावांनी त्यांना न विचारता विकले. तेहतीस वर्षे देऱ्यात काढलेली ही बाई मुंबईला उतरून जाणार कुठे? मी जगले-वाचले तर त्यांना सोबत घेऊनच नाशिकला जाईन. नाही वाचले, तर हा कागद त्यांच्या हातात असावा.

२. तन्मय म्हणाला, "आई, शी इज नॉट फॅमिली." मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आता कारण लिहिते, म्हणजे पुन्हा तोंडाने वाद नको.

जून १९९३ मध्ये हे गेले. मुलांचा आणि माझा व्हिसा ह्यांच्या नावावर होता, म्हणजे तीस दिवसांत देश सोडायचा. माझे दीर शैलेंद्र तेराव्यालाच म्हणाले, "वहिनी, बॅगा भरायला घ्या." बॅगा भरायला मदत म्हणून आमचा रंगीत टीव्ही तेवढा घेऊन गेले. शहरबानू माझ्या यजमानांच्या ओळखीच्या, भेटायला आल्या होत्या. लग्नाआधी मी नाशिकला विमा ऑफिसात टायपिस्ट होते, हे ऐकून म्हणाल्या, "कल चार बजे आ जाओ, रोना बाद में." त्यांनी मालकांशी भांडून मला नोकरी दिली आणि नोकरीसोबत व्हिसा.

३. नोकरी निघाली ती एका बेटामुळे. ते बर्म्युडा, आपल्या शेजारच्या चिमुकल्या अजमान अमिरातीच्याही पाचव्या हिश्शाएवढे. कर नाही आणि कायदा सुटसुटीत, म्हणून अमेरिकन कारखानदारांनी आधी आपापल्या घरच्या विमा कंपन्या तिथे काढल्या. मग अमेरिकेतली कोर्टे भरपाईचे मोठाले आकडे लावू लागली, तेव्हा आणखी निघाल्या. ९२ मध्ये फ्लोरिडाला वादळ झाले, जुन्या कंपन्यांनी हात आखडले, आणि पुढच्या वर्षी त्या टीचभर जागेत सात-आठ नव्या कंपन्या अब्जावधी डॉलर घेऊन उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यावर पुन्हा तेच झाले. लोकांचे संकट घ्यायला कोणीतरी लागतेच, आणि ते बेट नाही म्हणाले नाही.

आमचे ऑफिस दुबईच्या व्यापाऱ्यांचे विमे त्या बेटावरच्या कंपन्यांकडून काढून देते. दुपारी एक ते चार ते बंद. चारला दुसरी पाळी सुरू व्हायची, तेव्हा उन्हाळ्यात बेटावर बरोबर सकाळचे नऊ वाजलेले असायचे. त्या पाळीला बेटाचा फोन आणि फॅक्स सांभाळायला माणूस हवे होते. ते माणूस मी.

४. हे मी मुलांना कधी सांगितले नव्हते. पहिल्याच महिन्यात एका कापडाच्या गोदामाचा विमा शुक्रवारी रात्री संपत होता. बुधवारी मी सगळे कागद बेटावर पाठवले आणि गुरुवारी अर्धा दिवस म्हणून, उत्तराची वाट न पाहता, एकला घरी आले. बेटावरच्यांनी गुरुवारी त्यांच्या सकाळी, म्हणजे आपल्या चारनंतर, एक प्रश्न विचारला. तो फॅक्स मशीनवर पडून राहिला. शुक्रवारी आपण बंद, शनिवार-रविवार ते बंद. सोमवारी चारपर्यंत ते गोदाम विम्याविना उभे होते. आग लागली असती तर ऑफिस बुडाले असते. मालकांनी विचारले, "किसकी गलती?" शहरबानू म्हणाल्या, "मेरी. मैंने ही इसको घर भेजा." त्यांनी मला घरी पाठवले नव्हते. त्यांची मॅनेजरची बढती ठरली होती, ती गेली आणि पुन्हा आली नाही. माझी नोकरी राहिली, मुलांची शाळा राहिली. मी आज जी काही आहे ती या बाईमुळे आहे.

५. सोन्याच्या पाटल्या शुभ्राला. मिक्सर शेजारच्या हेमाला, तसाही तिच्याकडेच असतो. शैलेंद्रभाऊजींना टीव्हीसकट माफ केले.

६. हे कलम आज दुपारी वाढवले आहे. मला रात्री इस्पितळात दाखल व्हायचे आहे. दुसरे साक्षीदार म्हणून हेमाचे यजमान येणार होते, ते अबुधाबीला अडकले. तन्मय माझी बॅग न्यायला आला होता. त्याने उभ्याउभ्या सगळे वाचले, चौथे कलम दोनदा. मग म्हणाला, "व्हाय डिड यू नेव्हर टेल मी?" मी म्हटले, लाज वाटत होती. त्यावर तो म्हणाला, "मी साइन करतो." मी सांगितले, वकीलबाई म्हणाल्या आहेत, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. तो म्हणाला, "देन कट माय नेम. उद्या काका किंवा कुणीही बानूआंटींना म्हणायला नको की मुलाला मान्य नव्हतं." मी नको म्हटले, रडलेही. त्याने पेन हातात दिले.

म्हणून कलम १ मधील तन्मयचा निम्मा हिस्सा रद्द. शहरबानूंच्या पश्चात पूर्ण फ्लॅट शुभ्राचा. तिला फोनवर विचारले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि समाधानाने सही करते.

प्रभावती सदानंद टिपणीस
देरा, दुबई. गुरुवार, १६ ऑक्टोबर २००३

आमच्यासमक्ष सही केली:

साक्षीदार १: हेमा विनायक पाठारे, शेजारीण.

साक्षीदार २: तन्मय सदानंद टिपणीस, मुलगा. या मृत्युपत्राने काही मिळत नाही.