पंचेचाळीसची तबकडी

२९ जुलै १९९६
पार्सल आलं! अवधूतचंच. पत्र नाही, चॉकलेट नाही — नुसती एक काळी तबकडी, ताटाएवढी. त्यानं आणि त्याच्या ब्रिस्टलच्या दोस्तानं काढलेली. माझा भाऊ जहाजावर वायरमन म्हणून गेला, तिकडं इंग्लंडातच राहिला आणि आता नाचाची गाणी काढतो. आई असती तर आधी पोट धरून हसली असती, मग अख्ख्या उंब्रजला सांगत सुटली असती.

अण्णांनी पोराच्या पार्सलकडे पाहिलंसुद्धा नाही. दुकानात कर्ण्याची वायर सोलत बसले.

३० जुलै
शेजारच्या एसटीडीवर अवधूतचा फोन. "ताई, पंचेचाळीसवर लाव हां. निम्मं जंगल हाय, निम्मं हॅपी हार्डकोअर." जंगल म्हणजे म्हणे खालचे ढोल, तुटक आणि पळते. हॅपी हार्डकोअर म्हणजे वरचा पियानो आणि चिरका आवाज, सगळा आनंदीआनंद. मी शिकवते त्या चौथीच्या वर्गाचंच वर्णन की हे!

मग नेहमीचं — "अण्णा हायत?" अण्णा रस्त्यापलीकडेच उभे होते. मान हलवली. नाही.

दोन वर्षं हेच चाललंय. आईच्या मातीला तो आला नाही, त्याचे कागद अडकले होते, हे अण्णांना कळतं. खटकतं ते कॅसेटचं. एका नागपंचमीला आईची फुगडी त्यानं टेप केली होती. जाताना ती घेऊन गेला. आता आईचा आवाज घरात कुठंच नाही — आणि आमचा धंदा लाऊडस्पीकरचा! त्यावर अण्णा एकदाच बोलले होते. "मानूस जातंय. आवाज तरी ठिवायचा हुता की त्येनं."

३ ऑगस्ट
लावली! माळ्यावरून जुना रेकॉर्ड प्लेअर काढला, पुसला, सुई बरी निघाली. वेगाचा खटका पंचेचाळीसवर केला, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे. अरे देवा! पाठीमागे कुत्रं लागल्यावर हलगीवाल्यानं पळता पळता वाजवावं तसं. आणि वर कुणी बारकं पोर गुदगुल्या केल्यासारखं किंचाळतंय — पक-पक-पक-पक!

अण्णा दारातून ओरडले, "बंद कर ते! कोंबड्या धरल्यात का काय?"

पण तिसऱ्यांदा लावली तेव्हा माझा पाय हलायला लागला. खालचे ढोल नीट ऐकले तर उदास आहेत. वरचं सगळं खूश. दोन्ही एकदम कसं चालतं? लग्नात आत मुलीची आई रडत असते आणि दारात बँड जोरात असतो, तसंच असेल.

४ ऑगस्ट
डोकं दुखतंय. पक-पक जात नाही.

१० ऑगस्ट
आज उशीर झालाय. तरी लिहिते.

सकाळची शाळा करून आले तर दुकान बंद आणि आत तबकडी चालू. अण्णा! मी नसताना, चोरून! पोरानं काय काढलंय ते त्यांनाही बघायचं होतंच की. पण लेबल वाचतील तर ते अण्णा कसले? मोठी तबकडी तेहतीस, बारकी पंचेचाळीस — सगळी हयात हाच नियम. हात आपोआप तेहतीसच्या सावकाश वेगाकडे गेला असणार.

ढोल आता मिरवणुकीतल्या हलगीसारखे, चालीचालीनं. आणि वर पोर नाहीच! एक बाई. भरल्या गळ्याची. फुगडीचा पकवा घालतेय, तेच पक-पक, तोंडानं, श्वासाच्या ठेक्यावर. मग हसतेय, धापा टाकत — "आगं सोड, पडंन मी!"

आई.

मी चपला न काढताच उंबऱ्यात उभी. अण्णांचा हात प्लेअरवर तसाच. बाजू संपली. त्यांनी सुई उचलली आणि परत पहिल्यापासून लावली. मी रडले. ते रडले का, मी बघितलं नाही. बघवलं नाही.

१३ ऑगस्ट
फोनवर अवधूतला सांगितलं.

"तेहतीसवर लावली व्हय..." मग म्हणाला, "कॅसेट कवाच तुटली गं ताई. येवढाच तुकडा वाचला. हाय तसा ऐकला की माझा हातच चालंना. मग पळवला. रडू थांबंस्तवर पळवत ऱ्हायलो."

घरी येऊन अण्णांना शब्दन् शब्द सांगितला. ते वायर सोलतच होते.

"आन् लोक नाचत्यात त्येच्यावर?"

"हो."

"हं."

१९ ऑगस्ट
पंचमी. गल्लीतल्या बायका फेर धरून तयार. कर्णा कडुनिंबावर. दरवर्षी अण्णा सिनेमातली गाणी लावतात. आज ती तबकडी काढली. मी आईची वाट बघत उभी. पण अण्णांनी खिशातून चष्मा काढला, लेबल वाचलं — आयुष्यात पहिल्यांदा! — आणि खटका पंचेचाळीसवर केला.

बायका हबकल्याच. मग शेजारच्या चंद्राबाईनं, साठीच्या पुढची ती, पदर खोचला. "व्हय गं बायांनू, बघताय काय? धरा हात!" त्या वेगानं फुगडी! दोघीजणी धपकन पडल्या. अण्णा हसले. मोठ्यानं. वरून आई किंचाळतेय बारक्या पोरासारखी, आणि खाली कुणालाच माहीत नाही की ती आई आहे. मला ते बरं वाटलं, आणि वाईटही.

२० ऑगस्ट
सकाळी दुसरी बाजू लावायला घेतली. अण्णांनी तबकडी काढून घेतली. "ऱ्हाऊ दे. ती त्येनं येऊन लावायची." आणि चपला घालून एसटीडीकडे निघाले. म्हटलं, अण्णा, तिकडं आत्ता मध्यरात्र असेल. "उठंल की!" मी मागून नंबर सांगायला लागले, तर न वळताच हात वर केला.

नंबर त्यांना पाठ होता.