परतणाऱ्यांची दाढी

मुलींचं वसतिगृह, डहाणू
दि. २५ नोव्हेंबर २०१८

ती. मनिषदादा यास,
शि. सा. न. वि. वि.

एवढं लिहिलं की पुढे काहीही लिहायची मोकळीक मिळते, असं आमच्या मराठीच्या बाई म्हणायच्या, म्हणून लिहिलं. एरवी तुला साष्टांग घालायला मी काही वेडी नाही. आमचे मोबाइल वॉर्डनबाईंच्या कपाटात गेलेत, ते बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावरच बाहेर येणार. तेव्हा आता पोस्टमनवर भरवसा.

बाबांचं काही कळलं का? बोट बुडाली त्याला दीड महिना झाला. सात खलाशांपैकी चौघांना दुसऱ्या बोटीने वाचवलं, दोघांची प्रेतं मिळाली, बाबांचं काहीच मिळालं नाही. मला खात्री आहे दादा, ते वाहत पलीकडच्या हद्दीत गेले आणि तिथे पकडले गेले. आपल्या तलासरीचे किती खलाशी असे वर्ष-दोन वर्षं तिकडच्या तुरुंगात राहून परत आलेत. तू गुजरातेत बोटमालकाकडे फोनवर विचारत राहा, कंटाळू नकोस.

इथे रात्रंदिवस 'खारवन' कादंबरीवरचे वाद चालू आहेत. माझ्या खोलीतल्या सोनलने पाचही भाग वाचलेत. त्यांची चिकूची वाडी आहे, पुस्तकं विकत घेतात, आपल्यासारखे वाचनालयाच्या रांगेत उभे राहत नाहीत. तिचं म्हणणं, कवडीराणी मरणाऱ्याचा शेवटचा श्वास कवडीत कोंडते आणि त्या श्वासावर मेलेल्यांना उठवून आपल्या फौजेत घेते. तिसऱ्या भागात एक कवडी फुटते आणि तीन परतणारे, म्हणजे असे उठवलेले, जागच्या जागी कोसळतात, हा तिचा पुरावा. मी म्हटलं, मग चौथ्या भागात राणीची अख्खी माळ चोरीला जाते तरी फौज चालतच राहते, त्याचं काय? त्यावर ती उशी फेकून झोपून गेली. तुझं मत कळव.

आईला नमस्कार. माझ्यावरचा राग-लोभ दोन्ही असू दे.

तुझी,
शितल

*

पाटीलपाडा, ता. तलासरी
दि. ९ डिसेंबर २०१८

चि. शितल हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. साष्टांगाची उधारी लिहून ठेवली आहे.

इथे महिनाभर धरणी हलते आहे, हे तू पेपरात वाचलं असशीलच. परवा कुडाची एक बाजू फुगली, म्हणून आम्ही आता अंगणात ताडपत्रीखाली राहतो. भांडी वाजली की आई आधी चुलीकडे नाही, रस्त्याकडे बघते. रोज संध्याकाळी ती बाबांची थाळी वाढून झाकून ठेवते. सकाळी तो भात मीच खातो, कारण टाकलेला तिला बघवत नाही आणि कोंबड्यांना घातलेला तर अजिबात नाही.

लक्ष्याकाका आणि भगत दोघे येऊन गेले. त्यांचं म्हणणं, शुक्राला, म्हणजे आपल्या बाबांना, निरोप द्यायचा दिवस घातला नाही म्हणून जमीन हलते आहे. भूकंपाचं मला पटत नाही, ते मी त्यांना सांगितलं. पण दिवसाचं म्हणतात ते अगदीच टाकाऊ नाही. प्रेत नसेल तर पेंढ्याचा पुतळा करतात, त्याला माणसाचे कपडे घालतात, आणि प्रत्येक मुलाने तांदूळ टाकून आता जा असं मोठ्याने म्हणायचं असतं. एकाही मुलाचा आवाज कमी पडला तर दिवस धरत नाही. म्हणजे तू आल्याशिवाय काही होणार नाही.

आता 'खारवन'. तुझी सोनल चुकते आहे. कवड्या नुसत्या दिखाव्याच्या. नीट बघ, उठलेल्या प्रत्येकाची घरी कोणीतरी वाट बघत असतं. विणकराची बायको पाच वर्षं त्याचा माग तसाच लावून ठेवते. ज्या दिवशी ती माग मोडते, त्याच पानावर विणकर खाली पडतो. राणीची जादू राणीची नाहीच. घरचे वाट बघतात त्या जोरावर मेलेली माणसं चालतात. त्यांना विसावा मिळत नाही, याला जबाबदार घरचेच. यावर विचार कर.

बाबांना पावसाळ्यात, बोटी बंद असताना आपण हे सगळं वाचून दाखवलं होतं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, आठवतं? एवढ्या मोठ्या फौजेला भात कोण शिजवतं. त्याचं उत्तर लेखकानेही दिलेलं नाही.

अभ्यास कर. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मनिष

*

डहाणू
दि. २० डिसेंबर २०१८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तू 'खारवन'बद्दल लिहिलं नाहीस, बाबांबद्दल लिहिलंस, एवढं कळण्याइतकी मी मोठी झाले आहे.

आता माझं ऐक. मी पाचही भाग सोनलकडून घेऊन पुन्हा चाळले, खुणा घालून. दुसऱ्या भागात नावाडी गोमाजी परततो तेव्हा त्याची दाढी छातीपर्यंत आलेली असते. गेला तेव्हा तो नुकता न्हाव्याकडून आला होता. चौथ्या भागात त्या मुलीची नखं वाढलेली असतात. पाचव्यात विणकराचे केस पांढरे झालेले. मेलेल्या माणसाचे केस पिकतात का रे? हे लोक मेलेलेच नव्हते. घरच्यांनी वाट बघून कंटाळून त्यांचे विधी उरकले, ज्यांना घर उरलं नाही त्यांना राणीने उचललं. तीच तिची जादू. विणकर का पडला? तो जिवंत होता आणि बायकोने माग मोडला, म्हणून पडला. पान तेच आहे दादा, तू उलटं वाचलंस.

सोनलला सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली की हे पटतंय. तिने आपल्या वाचक-मित्रांना कळवायचं ठरवलंय, मोबाइल मिळाला की.

म्हणून स्पष्ट लिहिते. मी तांदूळ टाकणार नाही. माझ्याशिवाय दिवस धरत नाही ना, मग धरू नये. तुम्ही तो पुतळा केलात तर बाबा जिथे असतील तिथे त्यांचं घर तुटेल. एक जानेवारीला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, तोवर तरी लक्ष्याकाकांना गप्प बसव. आणि तू स्वतः एकदा गुजरातेत जाऊन ये. फोनवर कोणीही काहीही सांगतं.

रागाने लिहिलं आहे, ते रागानेच वाच. पण मला टाकू नकोस.

तुझी,
शितल

*

पाटीलपाडा
दि. १७ जानेवारी २०१९

चि. शितल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे चार दिवस गुजरातेत जाऊन आलो. बोटमालकाला भेटलो, बंदरावर चौकशी केली. चौकशी चालू आहे म्हणतात. यादीचं म्हणशील तर इकडे आल्यावर कासा गावच्या बाजारात खलाशांच्या एका संघटनेचे कार्यकर्ते भेटले, त्यांच्याकडच्या यादीत बाबांचं नाव नाही. पण याद्या कधी पुऱ्या नसतात असं तेच म्हणाले.

तुझं दाढीचं म्हणणं बरोबर आहे. मी पुन्हा वाचून बघितलं. विणकराचं पान मीच उलटं वाचलं होतं. तेव्हा दिवसाचा विषय आता नको. लक्ष्याकाकांना मी परीक्षा होईपर्यंत थांबायला सांगितलं आहे आणि ते थांबले आहेत.

धक्के चालू आहेत. आई बरी आहे. थंडी फार, ताडपत्रीला दव धरतं. तू फक्त अभ्यासाकडे बघ. अर्थशास्त्राची ती जाड वही सापडली का?

पत्र लहान झालं, समजून घे. लोभ होता तसाच ठेव.

तुझा,
मनिष

*

डहाणू
दि. ३ फेब्रुवारी २०१९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू हरलास! सबंध वसतिगृहाला सांगितलं. लहानपणी गोट्यांत हरलास तर गोट्याच वाकड्या आहेत म्हणायचास, आणि आता एका पत्रात शरणागती. सोनल म्हणते हे पत्र चौकटीत लावून ठेव.

आता माझा सिद्धान्त आणखी पुढे गेला आहे. परतणारे जर जिवंत आहेत, तर त्यांना सोडवताही आलं पाहिजे. कसं? माझा अंदाज, सहाव्या भागात कोणीतरी घरून चालत खारवनात जाणार आणि त्यांना नुसती हाक मारणार. राणी हाक मारत नाही, बोटाने खूण करते, हे लक्षात आलं का तुझ्या? पाच भागांत एकदाही नाही. सोनलला वाटतं हाकेने काही होणार नाही, त्यांना घरचं मीठ द्यावं लागेल, कारण खारवनातलं मीठ कडू आहे. आम्ही यावर जेवणाच्या रांगेत भांडलो आणि वरण सांडलं. वॉर्डनबाईंनी दोघींना भांडी घासायला लावली.

परवा इथेही धक्का जाणवला. खिडक्या वाजल्या आणि सगळ्या मुली पायऱ्यांवर पळाल्या. मी जागेवरच बसून राहिले, कारण मला पळावंसं वाटलं नाही.

वही सापडली. अभ्यास चालू आहे. पेपर वीस मार्चला संपतात, म्हणजे यंदा होळीला मी नाही. आईला सांभाळ. तूही जेवत जा.

पोटात ठेवलीस तेवढी माया पुरे, ओठावर आणायची गरज नाही.

तुझी,
शितल

*

पाटीलपाडा
दि. २१ मार्च २०१९

चि. शितल हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा शेवटचा पेपर झाला. हे पत्र पोस्टाने न पाठवता जीपवाल्या नविनच्या हाती देतो आहे, कारण तू रविवारी येशील आणि समोर बसून हे माझ्याने सांगवणार नाही.

बाबा गेले, शितल. मला जानेवारीपासून माहीत आहे.

बोट बुडाल्यानंतर आठव्या दिवशी गुजरातेतल्या एका गावाच्या किनाऱ्यावर एक प्रेत लागलं होतं. ओळख पटली नाही म्हणून पोलिसांनी ते पुरलं आणि फोटो, कपडे ठेवून दिले. बंदरावर एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितलं म्हणून मी त्या चौकीत गेलो. फोटोवरून मला काही ओळखता आलं नाही. मग त्यांनी पिशवीतून शर्ट काढला. खिसा लाल दोऱ्याने शिवलेला, आईला त्या दिवशी दुसरा दोरा मिळाला नव्हता तो. आत चुन्याची डबी होती. मी सही केली. त्यांनी मला ती जागा दाखवली, गावाबाहेर, बाभळीखाली, एक आकडा लिहिलेला खांब आहे. मी पाणी ओतलं आणि एकटाच म्हणालो, बाबा, आता जा. एकट्याच्या आवाजाने होत नाही हे मला ठाऊक होतं.

येताना ठरवलं होतं की घरी गेल्या गेल्या सांगायचं. पाड्यावर पोचलो तर आई त्यांची थाळी झाकत होती. मग वाटलं, तुझी परीक्षा होऊ दे. तेवढ्यात तुझं डिसेंबरचं पत्र पुन्हा वाचलं, आणि दाढीचं म्हणणं मान्य करून टाकलं. खोटं होतं ते. तुझा पुरावा भक्कम आहे, पुस्तकाबद्दल कदाचित तूच बरोबर असशील. पण आपल्या घरात माझं म्हणणं खरं झालं. दोन महिने मीच बाबांना चालवत ठेवलं. रोज सकाळी त्यांचा भात खायचा आणि आईला सांगायचं की चौकशी चालू आहे. परवा तिने विचारलं, तिकडच्या तुरुंगात त्यांना थंडीचं पांघरूण देत असतील का. मी म्हणालो, देतात.

मला शिव्या दे. मला त्या हव्या आहेत. पोलिसांचा कागद आणि शर्ट पत्र्याच्या पेटीत, वाचनालयातून आणलेल्या 'खारवन'च्या पाचव्या भागाखाली आहे. आईला अजून माहीत नाही.

जमलं तर पूर्वीसारखाच दादा म्हण.

तुझा,
मनिष

*

डहाणू
दि. २२ मार्च २०१९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नविनने सकाळी पत्र दिलं आणि फाटकापाशीच जीप थांबवून उभा आहे. उत्तर घेऊनच जाईन म्हणतो. म्हणून जिन्यावर बसून लिहिते आहे, अक्षराकडे बघू नकोस.

शिव्या देणार नाही, कारण मला माहीत होतं. जानेवारीचं तुझं पत्र उघडलं आणि तू कबूल झालेला दिसलास, तेव्हाच कळलं. तू कधी हरत नाहीस. बाबा जिवंत असण्याची थोडी जरी आशा असती तरी तू माझ्या दाढीच्या पुराव्याच्या चिंध्या केल्या असत्यास. ते पत्र घेऊन मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. सोनलला वाटलं मला अभ्यासाचं टेन्शन आलंय.

तरी मी विचारलं नाही. फेब्रुवारीत तुला हाक आणि मीठ आणि काय काय लिहिलं, ते सगळं न विचारण्यासाठी. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मला बाबा परीक्षेपर्यंत हवे होते. मी त्यांना आणखी दोन महिने आपल्याला सोडून जाऊ दिलं नाही, आणि तू एकटा तो भात खात राहिलास. याचं मला फार वाईट वाटतं, तुझ्याहून माझी चूक मोठी आहे.

आईला तू काही सांगू नकोस. मी सांगेन. आम्ही दोघी बायका आहोत, आम्हाला एकमेकींच्या गळ्यात पडता येतं. तुला ते येत नाही.

लक्ष्याकाकांना निरोप दे की दिवस घालू, पण लगेच नाही. पेंढ्याच्या पुतळ्याला मी तांदूळ टाकणार नाही, हे मी अजूनही म्हणते. तो शर्ट पुतळ्याला घालायचा नाही. आधी आपण तिघं त्या गावाला जायचं. बाभूळ कुठली, खांब कुठला, ते तू दाखवायचं. तू तिथे एकट्याने म्हणालास, तेव्हा आम्ही दोघी नव्हतो, म्हणून ते अजून तिथेच थांबलेले असतील. आई त्यांच्याशी काय बोलायचं ते बोलेल, तिला कोणी घाई करायची नाही. मग मी मोठ्याने म्हणेन. दादा, मला भीती वाटते की माझा आवाज फुटणार नाही. तू माझ्या शेजारी उभा राहा आणि माझ्याबरोबर पुन्हा म्हण.

नविन हॉर्न वाजवतो आहे. रविवारपर्यंत थांबत नाही, सामान बांधून त्याच्याच जीपने निघते. हे पत्र माझ्याच हातून तुला मिळेल.

तुझीच,
शितल